नदी नेमकी कुठली? दक्षिण अमेरिकेच्या भाषांच्या जुन्या नोंदींतल्या नद्यांचा माग कसा काढावा

‘अमुक लोक, तमुक नदीकाठी.’ दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासी भाषांच्या जुन्या याद्यांमध्ये ठिकाणाची माहिती बहुतेक वेळा एवढीच मिळते. गाव नाही, अक्षांश-रेखांश नाहीत, फक्त नदी. चेक भाषाअभ्यासक चेस्तमीर लोउकोत्का यांचं १९६८ मध्ये छापलेलं या भाषांचं वर्गीकरण उघडलं तर पानापानावर अशी वाक्यं दिसतात. कित्येक भाषांचं आज उरलंय ते एवढंच: मूठभर शब्द आणि एका नदीचं नाव. ती नदी चुकली की भाषा भलत्याच शेजाऱ्यांमध्ये जाऊन बसते, आणि कोणता शब्द कुणाकडून आला याचे सगळे अंदाज कोसळतात.

अडचण तीन रूपांत येते. नाव कुठल्याच नकाशावर नसतं. किंवा पाच ठिकाणी असतं. किंवा एकाच ठिकाणी सापडतं आणि ते चुकीचं असतं. तिसरं रूप सगळ्यात घातक, कारण तिथे शंकाच येत नाही. नावांच्या कोशात त्या नावाची एक मोठी नदी नोंदलेली असते, हवी ती छोटी उपनदी कोशात आलेलीच नसते, आणि ‘एकच उत्तर मिळालं’ म्हणून आपण निर्धास्त होतो.

आधी खोरं, मग नाव

नाव उचलून थेट शोधायला टाकू नका. आधी मूळ परिच्छेदातून चार गोष्टी काढा: ही नदी कुठल्या मोठ्या नदीला मिळते, कुठल्या तीरावर मिळते, मजकुरात तिच्या आधी आणि नंतर कोणत्या नद्यांची नावं आली आहेत, आणि माहिती देणारा माणूस कुठून कुठे चालला होता. यातल्या तीन गोष्टी हाती लागल्या तर नाव झाकून ठेवलं तरी नदी बहुधा ओळखता येते. मग नाव फक्त खात्रीपुरतं वापरायचं.

तीराबद्दल एक खबरदारी. डावा-उजवा तीर प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरतो. पण प्रवासी प्रवाहाविरुद्ध वर चढत असेल आणि ‘आमच्या डावीकडे एक नदी लागली’ असं लिहीत असेल, तर ती उजव्या तीरावरची नदी. पोर्तुगीज किंवा स्पॅनिश मजकुरात ‘उजवा काठ’, ‘उजवीकडची उपनदी’ असं ठरीव भाषेत आलं असेल तर ते भूगोलाच्या अर्थाने धरावं. नुसता ‘उजवा हात’ आला असेल तर होडीचं तोंड कुठे होतं ते आधीच्या दोन-तीन पानांत पाहावं.

उदाहरण: मकुराप लोकांची रिओ ब्रांको

रिओ ब्रांको म्हणजे पांढरी नदी. ब्राझीलचा नकाशा थोडाफार ओळखीचा असलेल्या माणसाला लगेच आठवते ती रोराइमा राज्यातली मोठी ब्रांको, बोआ व्हिस्ता शहरावरून वाहत जाऊन रिओ नेग्रोला मिळणारी. तिथे मकुशी लोक राहतात. मकुशी आणि मकुराप ही नावं कानाला जवळची वाटतात. लिहिण्याचा फरक असेल असं मानून मकुराप रोराइमात टाकलं की चूक पक्की झाली. मकुशी कॅरिब कुळातली भाषा, मकुराप तुपी कुळातली. मकुरापची ब्रांको रोंडोनियात आहे, ग्वापोरे नदीला उजव्या तीरावर मिळणारी. दोन ब्रांकोंमध्ये सुमारे १,६०० किलोमीटरचं अंतर आहे.

आता हे नावाशिवाय कसं सुटतं ते पाहा. मकुरापच्या आसपास ज्या भाषा येतात त्या तुपारी, आरुआ, अरिकापू, जाबुती. रोराइमातल्या यादीत मकुशीच्या शेजारी वापिशाना वगैरे येतात. तुपारी तिथे कधीच येत नाही. त्याच मजकुरात मेकेन्स, कोलोरादो, साओ मिगेल ही नावं असतील तर प्रश्न संपलाच: ग्वापोरेच्या प्रवाहाबरोबर खाली येत गेलं की उजव्या तीरावर काबिशी, कोरुम्बियारा, मेकेन्स, कोलोरादो, ब्रांको, साओ मिगेल, काउतारिओ अशा क्रमाने नद्या लागतात. मूळ निरीक्षक जर्मन मानववंशशास्त्रज्ञ एमिल हाइनरिख श्नेथलागे असेल, तर तो १९३३ ते १९३५ या काळात ग्वापोरेच्या भागात फिरत होता, रोराइमात नाही. आणि ज्युलियन स्ट्यूअर्ड यांनी संपादित केलेल्या, दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींवरच्या हँडबुकच्या तिसऱ्या खंडात (१९४८) मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांचं या लोकांवरचं जे प्रकरण आहे त्याच्या शीर्षकातच ‘ग्वापोरेचा उजवा तीर’ लिहिलेलं आहे.

एवढ्यावर थांबू नका, कारण रिओ ब्रांको अजून आहेत. मातो ग्रोसोच्या वायव्येला आरिपुआनांच्या बाजूला ‘रिओ ब्रांकोचे आरारा’ म्हणून ओळखला जाणारा समूह आहे. आक्रे राज्याची राजधानी रिओ ब्रांको हे शहर आहे, ते आक्रे नदीवर वसलं आहे आणि त्याला नाव पडलंय ते रिओ ब्रांकोच्या बॅरनवरून. आणि बोलिव्हियाच्या बाजूने ग्वापोरेच्याच खोऱ्यात एक रिओ ब्लांको येते, अर्थ तोच. म्हणजे पलीकडच्या काठाचा लेखक स्पॅनिशमध्ये लिहीत असेल तर एकाच खोऱ्यात दोन ‘पांढऱ्या’ नद्या समोरासमोर उभ्या राहतात आणि तिथे फक्त तीरच निकाल देतो.

वरच्या आरारा नावाचंही तेच. पारा राज्यातले आरारा कॅरिब कुळातली भाषा बोलतात, रोंडोनियातले (कारो) तुपी कुळातली, आक्रेमधले (शावानावा) पानो कुळातली. लोकांचं नाव आणि नदीचं नाव दोन्ही वारंवार येणारी असतील तर दोन्ही मिळूनही पुरावा होत नाही. ‘रिओ ब्रांकोचे आरारा’ हे त्याचं धडधडीत उदाहरण.

रंगांची नावं अशी वारंवार का येतात? अॅमेझॉन खोऱ्यात गढूळ पाण्याच्या आणि काळ्या पाण्याच्या नद्या डोळ्यांना वेगळ्या दिसतात, म्हणून ज्याने त्याने आपापल्या भाषेत तेच नाव ठेवलं. पोर्तुगीज ब्रांको, प्रेतो, नेग्रो, वेर्दे. केचुआमध्ये यानायाकू म्हणजे काळं पाणी, पुकायाकू म्हणजे तांबडं पाणी. तुपीत ‘उना’ काळा, ‘तिंगा’ पांढरा, ‘पिरांगा’ तांबडा. पेरूच्या एकट्या लोरेतो विभागात यानायाकू अनेक आहेत. पूर्णा म्हटल्यावर तापीला मिळणारी की गोदावरीला मिळणारी, हे आपण विचारतो. इथे रंगाच्या प्रत्येक नावाला तोच प्रश्न विचारायचा. शिवाय एकाच नदीचं नाव एका लेखकाने तुपीत ठेवलेलं आणि दुसऱ्याने भाषांतर करून लिहिलेलं असू शकतं, म्हणून ‘ब्रांको’ सापडत नसेल तर ‘तिंगा’ असलेली नावं त्याच खोऱ्यात तपासा.

एकच नदी, अनेक नावं

सीमा ओलांडली की नाव बदलतं. कोलंबियातली काकेता ब्राझीलमध्ये जापुरा होते, पुतुमायो ही इसा होते, ग्वाइनिया ही रिओ नेग्रो होते. ग्वापोरेला बोलिव्हियात इतेनेस म्हणतात. पेरूत सीमा न ओलांडताही नाव बदलतं: आपुरिमाक, मग एने, मग तांबो, मग उकायाली. विल्कानोता खाली येऊन उरुबांबा होते. अॅमेझॉनलाही ब्राझीलच्या पश्चिम सीमेपासून रिओ नेग्रोच्या संगमापर्यंत सोलिमोंइस म्हणतात.

याचा त्रास होतो तसा उपयोगही होतो. नोंद ‘तांबो’ म्हणत असेल तर ‘उकायाली’च्या कुठल्याही ठिकाणापेक्षा ती जागा पुष्कळ नेमकी आहे. डेटा भरताना सगळ्यांना एकाच आधुनिक नावाखाली ढकलून देऊ नका, नाहीतर हाती असलेली अचूकता जाते.

काळानुसार बदललेली नावं तारखा तपासायला कामी येतात. पूर्वीची ‘रिओ दा दूविदा’, म्हणजे शंकेची नदी, १९१४ च्या रूझवेल्ट-रोंडोन मोहिमेनंतर रूझवेल्ट झाली. त्याआधीच्या म्हणून सांगितलेल्या मजकुरात ‘रूझवेल्ट’ असेल तर तो भाग नंतर कुणीतरी घातला आहे. तापाजोसच्या दोन मुख्य प्रवाहांपैकी तेलेस पिरेस ही जुन्या कागदांत साओ मानोएल असते आणि तिच्या वरच्या भागाला पारानातिंगा म्हणतात. पुरुसच्या एका उपनदीला चँडलेस नाव आहे, ते विल्यम चँडलेसवरून. त्याने १८६४-६५ मध्ये पुरुसची पाहणी केली, तेव्हा त्याआधीच्या नोंदीत ते नाव शोधण्यात अर्थ नाही.

उलट प्रकारही असतो: एकच जुनं नाव दोन वेगळ्या नद्यांना. ‘कायारी’ हे वाउपेस नदीचं जुनं नाव, जर्मन मानववंशशास्त्रज्ञ कोख-ग्र्यूनबेर्ग तर कायारी-वाउपेस असं जोडूनच लिहितो. आणि स्पॅनिश जेझुइट आकुन्याच्या १६३९ च्या प्रवासाच्या वृत्तांतात कायारी म्हणजे मादेइरा. शतक कुठलं आहे ते पाहिल्याशिवाय कायारीला हात लावू नये.

नावातलं ‘पाणी’ वेगळं काढा

शोध फसण्याचं एक साधं कारण असं की नावाला चिकटलेला नदीवाचक शब्द एका लेखकाने नावाचाच भाग मानलेला असतो आणि दुसऱ्याने गाळलेला असतो. म्हणून तो ओळखता यायला हवा. केचुआत ‘मायु’ नदी, ‘याकु’ पाणी. आयमारात ‘जावीरा’. ग्वारानी आणि जुन्या तुपीत पाणी-नदीसाठी एकच स्वर आहे, लॅटिन लिपीत तो वाय किंवा आय असा येतो. अरावाक भाषांमध्ये ‘उनी’सारखी रूपं, मात्सिगेंकात मोठ्या नदीला ‘एनी’. कॅरिब भाषांमध्ये ‘तुना’. शिपिबोत मोठी नदी ‘पारो’, आणि मिशनऱ्यांच्या जुन्या कागदांत उकायालीलाच पारो म्हटलेलं सापडतं. शुआरमध्ये ‘एंत्सा’, तुकानोत नदी ‘दिआ’ आणि ओढा ‘मा’, यानोमामीत शेवटी नुसता ‘उ’, चिलीकडे मापुदुंगुनमध्ये ‘लेउफू’.

‘पाराना’ या शब्दाचा घोळ स्वतंत्रपणे लक्षात ठेवा. तो दक्षिणेतल्या प्रचंड नदीचं नाव आहे. तो इगारा-पाराना, मिरिती-पाराना, जी-पाराना अशा नावांचा भाग आहे. आणि ब्राझीलच्या अॅमेझॉन भागात मोठ्या नदीपासून फुटून बेटाला वळसा घालून पुन्हा तिलाच मिळणाऱ्या फाट्याला सामान्यनाम म्हणून पाराना म्हणतात. विटोटो लोकांबद्दलच्या नोंदीत ‘पाराना’ आलं तर ती पुतुमायोची उपनदी इगारा-पाराना किंवा कारा-पाराना असण्याची शक्यता आधी तपासा. जी-पाराना जुन्या ब्राझिली लिखाणात जी आणि वाय अक्षरांनी सुरू होते आणि मजकुरात पुढे-मागे तीच नदी ‘माशादो’ या नावानेही येते.

स्पेलिंग: लेखकाची भाषा आधी ओळखा

इथे सर्वांत जास्त चुका जे या अक्षरामुळे होतात. पोर्तुगीज लेखकाचा जे हा झ-सारखा, स्पॅनिश लेखकाचा ख किंवा ह-सारखा, जर्मन लेखकाचा य.

कोलंबियात काकेताला मिळणारी यारी नावाची नदी आहे. तिच्या भागातले कारिहोना लोक कॅरिब कुळातली भाषा बोलतात. ब्राझीलमध्ये पारा आणि आमापा यांच्या सीमेवर जारी नदी आहे. तिच्यावर वायाना आणि आपालाई, दोन्ही भाषा पुन्हा कॅरिब कुळातल्याच. जर्मन मजकुरात जे ने सुरू होणारी ‘यारी’ दिसली तर ती यांतली कुठलीही असू शकते, आणि ‘भाषा कॅरिब आहे’ हा नेहमी उपयोगी पडणारा धागाही इथे काही सांगत नाही. अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक. सोडवायचं असेल तर मुख्य नदी पाहा: काकेता, जापुरा, वाउपेस, आपापोरिस यांपैकी काही आलं तर कोलंबिया; पारू, त्रोंबेतास, ओयापोक आलं तर गयानांची बाजू.

बाकी अदलाबदली अशा. स्पॅनिशमध्ये व-सारख्या आवाजासाठी एच-यू, जी-यू, यू, व्ही, डब्ल्यू ही सगळी चालतात, म्हणून वाउपेस पाच प्रकारे सापडते आणि वायागा एच आणि जी दोन्ही अक्षरांखाली शोधावी लागते. श-साठी पोर्तुगीज एक्स, जर्मन एस-सी-एच. जुन्या जर्मन पुस्तकांत शिंगू नदी एस अक्षराखाली असते. क-साठी सी, के, क्यू-यू. ब्राझीलमध्ये १९४३ च्या लेखनसुधारणेपूर्वी वाय, दुहेरी व्यंजनं आणि मधला मुका एच सर्रास असे, म्हणून जावारी, जुताई यांची जुनी रूपं वाय ने संपतात. जर्मन निसर्गअभ्यासक मार्तिउससारख्या एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांकडे जापुरा, जुताई या नद्या एच-वाय ने सुरू होतात.

हस्तलिखितावरून छापलेल्या मजकुरात यू आणि एन यांची, सी आणि ई यांची अदलाबदल होते, आणि स्कॅन केलेल्या प्रतींत आर-एन जोडी एम होऊन बसते. पण एका अक्षराचा प्रत्येक फरक छपाईचा समजू नका. पुरुसच्या खोऱ्यात आकिरी म्हणजे आक्रे नदी, आणि इकिरी म्हणजे इतुशीचा वरचा भाग. दोन्ही खऱ्या, दोन्ही उजव्या तीराच्या.

मराठीत या भाषांवर लिहिणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं: देवनागरीत आणल्यावर मूळ अक्षरं पुसली जातात. लेखात उच्चारानुसार लिहा, पण नोंदवहीत मूळ लॅटिन स्पेलिंग जसंच्या तसं, चिन्हांसकट ठेवा.

रेखांश आणि कोस

जुन्या नकाशावर आकडे दिलेले असले तरी शून्य रेखांश ग्रीनिचचं आहे असं गृहीत धरू नका. ब्राझिली नकाशे रिओ दे जानेइरोपासून मोजत, ते ग्रीनिचच्या पश्चिमेला सुमारे ४३°१०′. रिओच्या पश्चिमेला २०° म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला ६३°१०′. फ्रेंच नकाशे पॅरिसपासून मोजतात. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २°२०′ असल्यामुळे पश्चिमेच्या आकड्यातून २°२०′ वजा करा. कॅनरी बेटांपैकी फेरोपासून पश्चिमेला मोजलेल्या आकड्यात १७°४०′ मिळवा. पॅरिसचा फरक विसरला तर विषुववृत्ताजवळ सुमारे २६० किलोमीटरची चूक होते, म्हणजे सरळ शेजारच्या खोऱ्यात जाऊन पडता.

लेगुआ या मापाचंही तसंच. ब्राझीलची लेगुआ सुमारे ६.६ किलोमीटर, एका अंशाला वीस या हिशेबाची स्पॅनिश लेगुआ सुमारे ५.६. ‘मुखापासून ३० लेगुआ’ म्हणजे १९८ किलोमीटर किंवा १६७. आणि हे अंतर पाण्यावरून मोजलेलं असतं. पुरुस आणि जुरुआ या नद्या इतक्या वळणावळणाच्या आहेत की नकाशावर सरळ रेषा ओढून मोजलं तर ठिकाण फार वर जातं. नदीची रेषा धरूनच मोजा.

अर्जेंटिना-पाराग्वायकडच्या चाकोच्या सपाट प्रदेशात आणखी एक संकट आहे: नदीच जागा सोडते. बेर्मेखोचा मुख्य प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेउकोच्या पात्रात गेला. अठराव्या शतकातली ‘बेर्मेखोवर’ ही नोंद आजच्या बेर्मेखोवर बसवली तर चुकते. जुनं पात्र बेर्मेखितो या नावाने शोधावं लागतं.

कोणता नकाशा आधी

नोंदीच्या काळाजवळचा नकाशा आधी, आजचा शेवटी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नावांसाठी अमेरिकन जिओग्राफिकल सोसायटीचा हिस्पॅनिक अमेरिकेचा १:१०,००,००० प्रमाणाचा नकाशा (१०७ पत्रकं, १९४५ मध्ये पूर्ण) फार उपयोगी आहे, कारण तेव्हा प्रचारात असलेली आणि आज विरून गेलेली नावं त्यावर आहेत. त्यातल्या तुटक रेषांनी दाखवलेल्या नद्यांच्या आकारावर मात्र भिस्त ठेवू नका: १९७० मध्ये सुरू झालेल्या राडाम प्रकल्पाच्या रडार छायाचित्रांपर्यंत ब्राझिली अॅमेझॉनमधल्या कित्येक प्रवाहांची वळणं अंदाजाने काढलेली होती.

ब्राझीलपुरता मानववंशशास्त्रज्ञ कुर्त निमुएंदाजू यांचा १९४४ चा वांशिक-ऐतिहासिक नकाशा (आयबीजीई या ब्राझीलच्या भूगोल-सांख्यिकी संस्थेने १९८१ मध्ये छापला) अतुलनीय आहे. त्यात समूहांची नावं नद्यांच्या काठाने लिहिलेली, भाषाकुळ रंगाने दाखवलेलं, जागोजागी साल दिलेलं. एका नदीला संशय असेल तर तिथल्या नावांचा रंग आणि साल नोंदीशी जुळतं का ते पाहा.

यानंतर जिओनेम्स किंवा जिओनेट नेम्स सर्व्हर हे ठिकाणांच्या नावांचे ऑनलाइन कोश, आणि ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा. जिओनेम्समध्ये जलरूपांचा वर्ग एच आणि त्यातला प्रवाहांचा संकेत एसटीएम निवडा, खोऱ्याची चौकट आखून घ्या आणि पर्यायी नावांच्या रकान्यातही शोधा. चौकट न आखता शोधलं तर वरचा ब्रांकोचा प्रकार पुन्हा होतो. ग्लोटोलॉग या जगातल्या भाषांच्या ऑनलाइन सूचीवरचा बिंदू पुरावा म्हणून वापरू नका: तिथे एका भाषेला एकच बिंदू दिलेला असतो आणि तो अनेकदा याच जुन्या वाक्यांवरून ठरवलेला असतो. त्याच्याशी आपलं उत्तर जुळलं तर कदाचित दोघांनी एकच वाक्य वाचलंय, एवढाच त्याचा अर्थ. तसंच तीन पुस्तकांत एकच नदी असली तरी ते तीन साक्षीदार नसतात. प्रत्येकाने कुणावरून घेतलं ते मागे मागे जाऊन पाहा आणि प्रत्यक्ष तिथे गेलेल्या माणसापर्यंत पोचा.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक नदीसाठी हे रकाने पुरतात: मूळ स्पेलिंग आणि पान, निरीक्षणाचं साल (छपाईचं वेगळं लिहा, दोन्हींत पन्नास वर्षांचं अंतर असू शकतं), मुख्य नदी, तीर, मजकुरातल्या शेजारच्या नद्या, आजचं नाव, संगमाचे अक्षांश-रेखांश, आणि चूक किती असू शकते ते दाखवणारी त्रिज्या किलोमीटरमध्ये. ‘नदीवर’, ‘मुखाशी’ आणि ‘उगमाकडे’ हे शब्द वेगळे नोंदवा. ‘उगमाकडे’ लिहिलेला समूह दोन खोऱ्यांच्या मधल्या पाणलोटावर असतो आणि दुसऱ्या पुस्तकात तोच पलीकडच्या नदीच्या नावाखाली मिळतो. दोन नद्या म्हणून दोन समूह झाले असं समजू नका.

दोन उमेदवार उरले आणि निकाल लागत नसेल तर दोन्ही लिहा, प्रत्येकाच्या बाजूचा पुरावा लिहा, आणि नकाशावर बिंदू न टाकता दोघींना सामावणारं खोरं रंगवा. नदी अजिबात लागली नाही, पण ‘जापुराची डाव्या तीराची उपनदी’ इतकं पक्कं असेल, तर तेवढंच लिहून त्रिज्या मोठी द्या. पुढे एखाद्याला मोहिमेची रोजनिशी सापडली तर त्याला तिथून काम पुढे नेता येईल. चुकीच्या ब्रांकोवर टाकलेला बिंदू मात्र आधी कुणालातरी उपटून काढावा लागेल.